नुसती नावं वाचलीस

श्रावण लागला की आमच्या वर्कशॉपमध्ये लोखंडालाही घाम फुटतो. सकाळी लेथवरून उतरलेला चकचकीत पार्ट दुपारच्या जेवणापर्यंत तसाच ट्रेमध्ये राहिला, तर त्याच्यावर चहाच्या डागासारखी पिवळट झाक येते. दुसऱ्या दिवशी तो गंजलेला असतो. म्हणून या दिवसांत तपासणीच्या टेबलावरच्या आम्ही बायका तेलानं माखलेल्या हातांनीच काम करतो. पार्ट उचलायचा, गेजमध्ये घालून बघायचा. गेजच्या एका टोकात तो बसला पाहिजे, दुसऱ्या टोकात बसता कामा नये. पास झाला की तेलाच्या डब्यात, नाहीतर लाल ट्रेमध्ये. पत्र्यावर पाऊस वाजत असतो, फाटकाशी लावलेल्या दुचाक्यांच्या सीटवर बांधलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या फडफडत असतात, आणि कुपवाडच्या सगळ्या वसाहतीवर ओल्या लोखंडाचा वास बसलेला असतो. हा वास आला की मला दोन वर्षांपूर्वीचा श्रावण-भाद्रपद आठवतो. तेव्हा माझी मुलगी ऋजुता नववीत होती, आणि मी तिचा फोन तपासत होते.

फोन खरं तर माझाच, जुना. काचेला एका कोपऱ्यात तडा गेलेला. शाळेचा अभ्यास त्याच्यावर येतो म्हणून तिला दिलेला. ती शाळेतून आली की दप्तर टाकायची, फोन उचलायची आणि गच्चीच्या जिन्यात जाऊन बसायची. जिन्यातून कधी हसू ऐकू यायचं, कधी नुसतंच ‘अगं बाई!’ एवढं एकटीनं म्हटलेलं. मी खालून हाक मारायची, ‘काय बघतेस गं?’ ती म्हणायची, ‘काही नाही, असंच.’ चौदा वर्षांच्या मुलीच्या तोंडचं ‘काही नाही, असंच’ आईच्या पोटात किती खोल जातं, ते ज्यांना मुली आहेत त्यांनाच ठाऊक.

त्याच दिवसांत आमच्या पलीकडच्या गल्लीतली एक मुलगी घरातून निघून गेली. मोबाईलवर ओळख झालेला कुणीतरी होता म्हणे. तीन दिवसांनी तिला परत आणली. आणली तेव्हा तिच्या आईनं दार लावून घेतलं, आणि पुढं कितीतरी दिवस त्या घराच्या खिडक्याही उघडल्या नाहीत. वर्कशॉपमध्ये जेवणाच्या सुट्टीत दुसरा विषय नव्हता. माझ्या शेजारी बसणाऱ्या शैलाताई डबा उघडता उघडता म्हणाल्या, ‘सुनीता, पोरगी काय बघतीया ते आईला ठावं पायजे. आपण दिवसभर लोखंड तपासतो, आणि घरातली पोरगी तशीच सोडायची व्हय?’

ते वाक्य माझ्या डोक्यात शिरलं ते गेलंच नाही. घरी ऋजूच्या पप्पांना बोलले. ते याच वसाहतीत फिटर आहेत, कमी बोलतात. म्हणाले, ‘बघ की. पण तिला सांगून बघ.’

मी सांगितलं नाही. सांगितलं तर लपवेल, असं वाटलं.

ती सकाळी आंघोळीला गेली की मी फोन हातात घ्यायची. त्याला कुलूपच नव्हतं, आणि त्याचंही मला तेव्हा काही वाटलं नाही. न्हाणीतून बादलीत पाणी पडल्याचा आवाज यायचा, मग तांब्यानं अंगावर ओतल्याचा. तांब्या बादलीवर वाजायचा थांबला की फोन होता तसा, त्याच कोनात, फळीवर. तेवढ्या पाच-सात मिनिटांत तिनं आदल्या दिवशी काय काय पाहिलं त्याची यादी मी वर सरकवत वाचायची. पाहिलं काही नाही. वेळच नव्हता. नुसती नावं वाचायची.

नावं बहुतेक इंग्रजी. माझं इंग्रजी ड्रॉइंगवरच्या शब्दांएवढं. पण त्या यादीत ‘किल’ हा शब्द होता, ‘ईट अलाइव्ह’ होतं, ‘ते मरत का नाहीत’ अशा अर्थाचं हिंदीत काहीतरी होतं. कुणाला मारतात, कोण कुणाला जिवंत खातंय, काही कळेना. कामावर गेजमध्ये पार्ट घालताना तीच नावं डोळ्यांपुढं यायची. आणि एका सकाळी तो शब्द दिसला. आधी ‘ओन्ली फीमेल’, आणि त्याच ओळीत पुढं ‘विदाऊट सेक्स’. मी तो दोनदा वाचला. तांब्या वाजायचा कधी थांबला ते मला कळलंच नाही.

ऋजू ओल्या केसांना पंचा गुंडाळून दारात उभी होती. फोन माझ्या हातात होता.

‘तू माझा फोन बघतेस?’ तिनं विचारलं. आवाज चढलेला नव्हता. नुसतं आश्चर्य होतं.

खरं तर चोरी माझी पकडली गेली होती, पण ओरडले मीच. काय काय बोलले ते आज लिहिणार नाही. हे बघतेस तू, या वयात, या घरात, चातुर्मास चालू असताना, असं बरंच काही. सासूबाई आतल्या खोलीत जप करत होत्या, त्यांची माळ थांबल्याचं मला जाणवलं. ऋजू ऐकत राहिली. केसांतून पाण्याचे थेंब तिच्या खांद्यावर पडत होते. माझं बोलून संपल्यावर ती एवढंच म्हणाली, ‘मग सगळं बघायचं होतंस ना, आई. नुसती नावं वाचलीस आणि रिजेक्ट केलंस. कारखान्यात असंच करतेस?’

मी फोन लोखंडी कपाटात साड्यांच्या खाली ठेवला आणि किल्ली कमरेला लावली.

मग आठ-नऊ दिवस घरात पाऊस तेवढा बोलत होता. ऋजू विचारलं तर उत्तर द्यायची. ‘हो’, ‘नको’, ‘झालं’. शाळेतून आली की जिन्यात जाऊन बसायची, पण आता हात रिकामे. एकदा मी वर डोकावले, तर ती गच्चीवरच्या सिमेंटच्या जुन्या टाकीवर हनुवटी टेकून आतल्या पाण्याकडं बघत बसली होती. ती टाकी आम्ही वापरत नाही. पावसाचं पाणी साठतं, कडेला शेवाळ धरतं. मला वाटलं, रुसली आहे. तिला काहीतरी दिसत असेल, हे माझ्या मनातही आलं नाही.

भाद्रपदात आम्हा जैनांचं दशलक्षण पर्व बसलं. रोज एका धर्माचं प्रवचन: पहिल्या दिवशी क्षमा, दुसऱ्या दिवशी मार्दव, तिसऱ्या दिवशी आर्जव. तिसऱ्या दिवशी सुट्टी होती म्हणून मीही मंदिरात गेले. ओल्या छत्र्यांचा ढीग दारात, आत धुपाचा आणि ओल्या रेशमाचा वास. प्रवचन सांगणारे गृहस्थ साध्या भाषेत सांगत होते, ‘आर्जव म्हणजे सरळपणा. मनात एक, बोलण्यात एक, करण्यात तिसरंच, असं नसणं. त्यालाच ऋजुता म्हणतात.’

माझ्या मुलीचं नाव मीच ठेवलं होतं. बारशाला सगळ्यांना अर्थही मीच सांगितला होता. आणि तिच्या आंघोळीच्या आवाजावर कान ठेवून, पाच-सात मिनिटांचा हिशेब धरून तिचा फोन उचलणारीही मीच होते. पुढचं प्रवचन मला ऐकू आलं नाही. बायका उठल्या तेव्हा मी उठले.

घरी आले तेव्हा सासूबाई पाणी गाळत होत्या. त्यांना आम्ही सगळे अव्वा म्हणतो. त्या सीमेजवळच्या गावातल्या, घरात निम्मं कानडी बोलत वाढलेल्या. नळाला फिल्टर बसवून आम्हाला कितीतरी वर्षं झाली, पण अव्वांचं पिण्याचं पाणी वेगळं. घागरीच्या तोंडावर जाड दुहेरी फडकं, त्याच्यावरून बारीक धार. गावाकडं विहीर होती तेव्हा गाळून झाल्यावर त्या फडकं उलटं करून त्याच्यावर गाळलेलंच पाणी ओतायच्या आणि ते परत विहिरीत सोडायच्या, म्हणजे फडक्यावर अडकलेले जीव आपल्या घरी जातील. मी लग्न होऊन आले तेव्हा हे पाहून मला मनातल्या मनात हसू आलं होतं. दिसत नाहीत त्यांना घरी पोचवायचं!

‘पोर का बोलंना झालीया?’ धार न थांबवता अव्वांनी विचारलं.

‘तुम्ही ऐकलंत की त्या दिवशी. नको ते बघत होती मोबाईलवर.’

‘नको ते काय? मी बी बघितलंय की तिच्यासंगट.’

मी दचकून त्यांच्याकडं बघितलं. अव्वांनी घागर खाली ठेवली, हात पदराला पुसले.

‘गच्चीवर घिऊन गेलती मला. म्हणाली, अव्वा, हितं बघ. मी म्हटलं, मोतीबिंदूच्या डोळ्याला काय दिसतंय! पर दिसलं गं. टाकीतल्या पाण्याचा एक थेंब काचंवर, आणि त्यात ही एवढं एवढं जीव. पाय हलवत्यात, फिरत्यात, आपल्या नादात हाईत.’ त्यांचा आवाज बदलला. ‘सुनीता, लगीन हून आलो तवापासनं पाणी गाळतोय मी.’ आमच्याकडच्या जुन्या बायका स्वतःला ‘आलो, गेलो’च म्हणतात. ‘हाईत म्हणून ऐकलं हुतं. आईनं सांगितलं, सासूनं सांगितलं. पर ज्येंच्यासाठी जलमभर गाळलं, त्येंचं त्वांड कवा बघितलंच न्हवतं. तुझ्या पोरीनं दावलं.’

अव्वांच्या पांढरट डोळ्यांत पाणी होतं आणि त्या हसत होत्या. साठ वर्षं ज्यांना न बघता सांभाळलं त्यांची भेट झालेली बाई माझ्या समोर बसली होती, आणि ही भेट माझ्याच गच्चीवर, मी लेथच्या पार्टवर नजर ठेवून असताना झाली होती.

मी कपाट उघडलं. फोन चार्जिंगला लावला. ऋजू शेजारच्या मैत्रिणीकडून आली तेव्हा तो टेबलावर होता. तिनं बघितलं, पण हात लावला नाही.

‘ऋजू, मला दाखव,’ मी म्हणाले.

‘काय?’

‘अव्वांना दाखवलंस ते.’

मी खरंच बघायला मागते आहे की पुरावा गोळा करते आहे, याचा ती अंदाज घेत होती. मग आत गेली आणि कंपासपेटी घेऊन आली. पेटीत कापसात गुंडाळलेलं मसुराच्या दाण्याएवढं भिंग होतं. जत्रेत घेतलेल्या लाल लेझरच्या दिव्यातून काढलेलं. तिनं ते चिकटपट्टीनं फोनच्या कॅमेऱ्यावर बसवलं. तिची नखं स्वच्छ होती, हात स्थिर होता. सूक्ष्म मापाचं काम करणारा माणूस हातावरून ओळखता येतो. माझ्या मुलीचा हात मी त्या दिवशी प्रथम बघितला.

पावसानं उघडीप दिली होती. दुपारचं ऊन गच्चीवरच्या डबक्यांत फुटून पडलं होतं. तिनं टाकीतल्या पाण्याचा थेंब काचेच्या तुकड्यावर घेतला, काच दोन विटांवर ठेवली, खाली पांढरा कागद. ‘हलू नकोस हं,’ म्हणाली, आणि फोन वर धरला.

आधी नुसता उजेड. मग उजेडात एक काचेचा जीव.

काचेचाच म्हणावा लागेल, कारण त्याच्या आरपार सगळं दिसत होतं. तोंडाशी काळा ठिपका, तो डोळा. फांद्यांसारखे दोन हात. ते झटकून तो उड्या मारत होता. पोटातून गेलेली हिरवी नळी, म्हणजे त्यानं खाल्लेलं शेवाळ. आणि पाठीजवळ काहीतरी धडधडत होतं, इतक्या जोरात की मी नकळत स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

‘ते हृदय,’ ऋजू हळू आवाजात म्हणाली.

‘घाबरलंय का?’

‘नाही. त्याचं असंच असतं. पाणपिसू म्हणतात याला. आता पाठीत बघ, खालच्या बाजूला. दिसतात?’

दिसली. पाठीच्या पोकळीत चार-पाच इवली पिल्लं. प्रत्येकाला काळा ठिपका. म्हणजे त्यांना डोळे फुटले होते. ती आत वळवळत होती. आईच्या हृदयाच्या खाली, तिच्या काचेच्या घरात.

‘आई आहे ती,’ ऋजू म्हणाली.

एक थेंब. मी रोज सकाळी ज्या पाण्यानं पायरी धुते, चप्पल धुते, तसलाच. त्यात एक आई होती, तिचं सगळं उघडं होतं, रक्त कुठून कुठं जातं तेसुद्धा दिसत होतं, आणि तरी तिच्याबद्दल मला काय कळलं? काही नाही. जितकं दिसत होतं तितकं नवल वाढत होतं. मी कितीतरी वेळ बघत राहिले. मानेला रग लागली, ऊन सरकलं. ऋजूनं मध्ये दोनदा काच हलवून ती पुन्हा मधोमध आणली. मग थेंब वाळायला लागला तशी तिनं काच उचलली आणि, कुणी सांगितलेलं नसताना, टाकीच्या पाण्यात हलकेच बुडवली.

अव्वाही जिना चढून वर आल्या होत्या. ऋजूनं टाकीच्या कडेला बसून आम्हाला तो दुसरा व्हिडिओ दाखवला, ज्याचं नाव वाचून मी घर डोक्यावर घेतलं होतं. त्यात डोक्यावर दोन चाकं फिरत असल्यासारखे दिसणारे जीव होते. शेवाळात राहतात, वाळून जातात, पाणी मिळालं की पुन्हा जिवंत होतात. ‘यांच्यात नर नसतोच,’ ऋजूनं सांगितलं. ‘सगळ्या बायकाच. आईपासून मुलगी, तिच्यापासून मुलगी. कोट्यवधी वर्षं.’

अव्वांनी विचार केला. ‘म्हंजे सासर न्हाई?’

‘नाही.’

‘लय बरं हाय की मग!’

आम्ही तिघी हसलो. मी हसता हसता रडायला लागले. ऋजूनं माझ्या दंडाला हात लावला, आणि मग तो हात तिथंच राहिला. अव्वा खाली गेल्या. थोड्या वेळानं ऋजू म्हणाली, ‘आई, अजून एक आहे. ते पण दाखवू?’

मला वाटलं, आणखी एखादा जीव.

तिनं स्वतः घेतलेली थेंबांची तीन-चार चित्रणं एका उघड्या पानावर टाकली होती. कुणी कुणी कौतुक केलं होतं. त्यातला एक ‘सर’ तिला वेगळे निरोप पाठवत होता. तू फार हुशार आहेस. माझ्याकडं खरा मायक्रोस्कोप आहे, तुला पाठवतो. शाळा कुठली? पत्ता काय? घरी एवढ्यात सांगू नकोस, नंतर गंमत करू. आणि शेवटी: तुझा एक छानसा फोटो पाठव, शाळेच्या ड्रेसमधला नको.

ही यादी मी पंधरा दिवस रोज वाचत होते आणि हे तिच्यात नव्हतंच. कारण पाहिलेल्या गोष्टींची यादी वेगळीकडं असते आणि आलेले निरोप वेगळीकडं. चांगले पार्ट मी लाल ट्रेमध्ये टाकले होते आणि तडा गेलेला माझ्या हाताखालून निघून गेला होता.

‘तू काय काय सांगितलंस त्याला?’

‘शाळेचं नाव.’ ती म्हणाली. ‘फोटो पाठवणार होते. नको वाटत होतं, पण मायक्रोस्कोप... त्याच दिवशी सकाळी तू फोन घेतलास.’

त्यावर मी आजही विचार करते. चुकीच्या कारणासाठी, चुकीच्या पद्धतीनं केलेल्या गोष्टीनं माझी मुलगी वाचली. हे माझं शहाणपण नव्हतं. कशाचं होतं ते मला ठाऊक नाही. पण पुढचंही तितकंच खरं: कपाटातला फोन कधीतरी बाहेर येणारच होता, आणि तो निरोप तिथंच वाट बघत बसलेला होता.

‘बरं केलंस सांगितलंस,’ मी कशीबशी म्हणाले. ‘आत्ता का सांगितलंस?’

‘तू बघत बसलीस म्हणून,’ ती म्हणाली. ‘इतका वेळ.’

संध्याकाळी तिच्या पप्पांना सांगितलं. ते बाहेर गेले आणि रिमझिम पावसात अर्धा तास गाडी पुसत राहिले. आत आले तेव्हा त्यांनी ऋजूच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, ‘उद्यापासनं शाळेत मी सोडणार, मी आणणार.’ दुसऱ्या दिवशी आम्ही सांगलीला पोलिसांकडं गेलो. साध्या वेशातली एक तरुण बाई होती. तिनं सगळे निरोप वाचले, जपून ठेवायला सांगितले, काय बंद करायचं ते दाखवलं. मग ऋजूला विचारलं, ‘घरी कुणी शोधून काढलं की तू सांगितलंस?’

‘मी.’

‘मग निम्मं काम तूच केलंस,’ ती म्हणाली. ऋजूचे खांदे त्या क्षणी खाली आले. इतके दिवस ते कानाशी चढलेले होते हे मला तेव्हा कळलं.

वर्गशिक्षिकेलाही सांगितलं. पंधरा-वीस दिवस आम्ही शाळेच्या फाटकाशी उभ्या राहिलेल्या प्रत्येक अनोळखी माणसाकडं रोखून बघितलं. कुणी आलं नाही. ते खातं काही दिवसांनी दिसेनासं झालं. तो कोण होता, कुठं होता, कधीच कळलं नाही. कळलं असतं तर बरं झालं असतं, असं तिचे पप्पा अजून म्हणतात.

पर्व संपल्यावर क्षमावाणी असते. सगळे एकमेकांना हात जोडून ‘उत्तम क्षमा’ म्हणतात. वर्षभरात कळत नकळत दुखावलं असेल तर माफ करा. लहान मुलं मोठ्यांच्या पाया पडतात. ऋजू वाकायला लागली तसं मी तिला धरलं आणि मीच हात जोडले. ‘उत्तम क्षमा, ऋजू.’ मंदिराच्या पायऱ्यांवर, चार बायकांसमोर. ती लाजून लाल झाली. ‘आई, काय हे!’ म्हणाली. मग इकडंतिकडं बघून हळूच तिनंही हात जोडले.

त्यानंतर मी तिचा फोन बघणं सोडलं नाही. लोकांना वाटतं, अशा अनुभवानंतर आई सगळं मोकळं सोडून देते. मी सोडलं नाही, फक्त तिच्या शेजारी बसून बघायला लागले. आपल्या भाषेत लक्ष ठेवणं वेगळं आणि लक्ष देणं वेगळं, हे मला तोवर कधी ऐकू आलं नव्हतं. ठेवताना हात आखडता असतो. देताना काहीतरी आपल्याकडून जातं. रविवारी दुपारी भांडी आवरली की आम्ही दोघी एकाच फोनवर वाकायचो. मुंग्या पावसाच्या आधी अंडी कशी हलवतात, पिंपळाच्या पानाच्या पाठीवर श्वास घ्यायची तोंडं कशी असतात, डासाची अळी उलटी का लटकते. कधी ती नाचाचे, कधी कसलेतरी खुळे विनोदही दाखवायची, आणि मला हसू आलं नाही तर म्हणायची, ‘तुला नाही कळणार.’ ते मी कबूल करायची. कधी एखादं मला खरंच नको वाटायचं, तर सांगायची, का नको तेही सांगायची. ती वाद घालायची. वादात ती दोनदा जिंकली आणि मी एकदा.

आता ती साताऱ्याला आहे, अकरावी सायन्सला, वसतिगृहात. फोन तिच्याजवळ, आणि मी इथं, पत्र्यावरच्या पावसाखाली. ती काय बघते ते मला कळायला काही वाट नाही. पहिले काही दिवस सकाळी सात वाजता, तिच्या आंघोळीच्या वेळेला, मला उगीच अस्वस्थ व्हायचं.

गेल्या रविवारी कॉलेजनं पालकांना बोलावलं होतं. सांगलीहून सकाळची एसटी धरली. कराडच्या पुढं दोन्ही बाजूंना ढग उतरले होते. साताऱ्यात पोचले तेव्हा अजिंक्यताऱ्याचा माथा दिसतच नव्हता, नुसता हिरवा पायथा. ऋजू फाटकाशी उभी होती, अंगात पांढरा कोट. मला क्षणभर ती ओळखूच आली नाही.

प्रयोगशाळा पालकांसाठी उघडी ठेवली होती. स्पिरिटचा वास, उंच स्टुलं, आणि टेबलावर ओळीनं खरे मायक्रोस्कोप. ‘आ कर,’ ऋजू म्हणाली. मी घाबरून आ केला. तिनं टूथपिकच्या बोथट टोकानं माझ्या गालाच्या आतून हलकेच खरवडलं, जे काही लागलं ते काचेच्या पट्टीवर टेकवलं, निळ्या औषधाचा थेंब टाकला, वर पातळ काच ठेवली. मला स्टुलावर बसवलं.

पहिल्यांदा काळ्या काड्या दिसल्या. ‘हे काय गं?’

‘तुझ्या पापण्यांचे केस. डोळा जरा लांब घे.’

तिनं माझ्या खांद्यावरून हात घालून चाक फिरवलं. धुकं हललं, आणि त्यातून निळसर फरश्यांसारखं काहीतरी वर आलं. कडा वेड्यावाकड्या, एकमेकींना टेकलेल्या, आणि प्रत्येकीच्या मधोमध एक गडद निळा ठिपका. शांत. किती होत्या कोण जाणे.

‘हे काय आहे?’

‘तू,’ ऋजू म्हणाली. ‘ही तू आहेस, आई.’

चाळीस वर्षं मी या अंगात राहते. दुखलं तर चोळते, थकलं तर निजवते. हे मी कधी बघितलं नव्हतं.

‘तुझ्याही अशाच?’ मी विचारलं.

‘अशाच. शेजारी ठेवल्या तर कुठली कुणाची ते मलासुद्धा सांगता येणार नाही.’

पाठीमागं दुसरे पालक येऊन थांबले होते. कुणाच्या तरी छत्रीचं पाणी फरशीवर ठिबकत होतं. ऋजूनं माझ्या खांद्यावर बोट टेकवलं. ‘आई, लोक थांबलेत.’

‘थांबू देत,’ मी डोळा न काढता म्हणाले, ‘अजून जरा बघू दे.’